खोली होती, आमच्या नावावर नव्हती

अंदमानच्या नील बेटावर राहायचं म्हणून आम्ही एका एजंटला ४६,५०० रुपये ॲडव्हान्स दिला, आणि त्या रिसॉर्टमध्ये आमच्या नावावर काहीच नोंदलेलं नव्हतं. गोष्ट एवढीच. तरी सविस्तर लिहितेय, कारण असं काही झालं की लोक आधी विचारतात, "इतकं स्वस्त मिळतंय म्हटल्यावर शंका नाही आली?" स्वस्त मुळीच नव्हतं. इतरांकडूनही कोटेशन मागवली होती. याचं ना सगळ्यात कमी होतं, ना सगळ्यात जास्त.

सहलीकडून अपेक्षा साध्या होत्या. सासऱ्यांना सेल्युलर जेल बघायचं होतं, मुलांना समुद्र हवा होता, आणि आम्हा दोघांना "साडेसहाला सगळे लॉबीत हवेत" असं सांगणारा टूर मॅनेजर नको होता. म्हणून गर्दीचं हॅवलॉक टाळून नील निवडलं. २०१८ मध्ये या बेटांची नावं अनुक्रमे स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप झाली, पण बुकिंगच्या धंद्यात जुनीच नावं चालतात. नील लहान आहे. आतल्या भागात भाजीपाल्याची शेती, कडेला भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर असे किनारे. वयस्कर माणसांना घेऊन निवांत बसायला याहून बरी जागा नाही, असं जाऊन आलेल्यांनी सांगितलं होतं.

एजंट इन्स्टाग्रामवर सापडला. पेजवर पोर्ट ब्लेअरचा पत्ता होता आणि पाहुण्यांचे जेटीवर काढलेले फोटो होते. बोलणं गोड आणि माहिती पक्की. आम्ही नीलला चार रात्री मागितल्या, तर तोच म्हणाला, "मॅडम, तीन बहुत है. लास्ट नाइट पोर्ट ब्लेअर में रखिए." समुद्र खवळला की बोटीच्या फेऱ्या रद्द होतात आणि परतीचं विमान चुकतं, हे त्याचं कारण. शंभर टक्के खरं. अंदमानला सूर्य पाच-साडेपाचलाच मावळतो, म्हणून दुपारी लोळत बसू नका, हेही त्यानेच सांगितलं. लक्ष्मणपूरचा नैसर्गिक खडकाचा पूल ओहोटीलाच नीट बघता येतो, तेव्हा भरती-ओहोटीच्या वेळा बघून गाडी ठरवू, हेही. जो माणूस एक रात्र कमी करून स्वतःचंच बिल घटवतो, त्याच्यावर संशय कोण घेणार? आता कळतं, त्याचं भांडवल तेच होतं. तोवर बेटाबद्दल तो अवाक्षर खोटं बोलला नव्हता. खोटं होतं ते फक्त खोली त्याच्या हातात असणं.

पैसे यूपीआयने गेले. स्कॅन केल्यावर फर्मच्या नावाऐवजी एका व्यक्तीचं नाव दिसलं. विचारल्यावर उत्तर तयार होतं, "प्रोप्रायटर का अकाउंट है." लहान धंद्यांत हे सर्रास असतं, त्यामुळे पुढे गेलो. अर्ध्या तासात व्हाउचर आलं. रिसॉर्टचा लोगो, आमची नावं, मुलांची वयं, 'ग्राउंड फ्लोअर, ब्रेकफास्ट इन्क्लुडेड', खाली जीएसटी क्रमांक. घरात सगळ्यांना फॉरवर्ड झालं.

मग मेसेज आला की आयलंड परमिटचे माणशी ९०० रुपये राहिलेत. इथे मात्र पाणी मुरत होतं. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील इथे जायला भारतीय पर्यटकाला परमिट लागत नाही. वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात, म्हणजे जॉली बॉयसारख्या बेटांवर जायला वन विभागाचं परमिट लागतं, आणि बाराटांगच्या रस्त्यावर जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून गाड्या ठरलेल्या वेळी ताफ्यानेच सोडतात. अंदमानबद्दल थोडंफार वाचलेल्या माणसाच्या कानावर 'परमिट' हा शब्द असतोच. त्याचाच हा फायदा उठवायचा. नवऱ्याने लिहिलं की आमच्या कार्यक्रमात जॉली बॉय नाही, मग परमिट कशाचं? त्यावर "सर, न्यू रूल." आम्ही दिले नाहीत, त्यानेही ताणून धरलं नाही.

सगळं उघड झालं ते कमोडमुळे. सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे बाथरूममध्ये धरायला दांडी आहे का, पायऱ्या किती आहेत, हे मला रिसॉर्टलाच विचारायचं होतं. एजंट म्हणाला, "नील में नेटवर्क नहीं रहता, फोन नहीं लगेगा, मैं पूछ के बताता हूँ." हेही अर्धं खरं. तिथलं नेटवर्क खूप वर्षं रडतखडतच होतं, पण २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून पोर्ट ब्लेअरपर्यंत केबल आली, तेव्हापासून ही सबब जुनी झालीय. व्हाउचरवरचा नंबर सोडून मी रिसॉर्टच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा नंबर लावला. लगेच लागला. रिसेप्शनवरच्या मुलीने तारीख विचारली, नाव विचारलं, स्पेलिंग विचारलं, मग आडनावाने शोधलं. काहीच नाही. तिने व्हाउचर मागवून घेतलं आणि पाच मिनिटांत उलट फोन करून सांगितलं, "लोगो हमारा है मॅडम, बाकी कुछ हमारा नहीं है. उन दिनों में तो हम फुल हैं."

त्या संध्याकाळी व्हाउचर पुन्हा उघडलं. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, अंदमान-निकोबारचे ३५. पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. आमच्या व्हाउचरवरचा क्रमांक ०९ ने सुरू होत होता, म्हणजे उत्तर प्रदेश. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता कुणालाही क्रमांक तपासता येतो. तपासला, तर तो हार्डवेअरच्या कुठल्याशा दुकानाचा निघाला, तोही रद्द झालेला. त्या बिचाऱ्या दुकानदाराला याचा पत्ताही नसेल.

एजंटला मी रागावून काहीच लिहिलं नाही. "कार्यक्रम रद्द करतोय, रिफंड द्या," एवढंच कळवलं. "हो मॅडम, शुअर" म्हणत त्याने क्यूआर कोड पाठवला. स्कॅन करा, पिन टाका, पैसे खात्यात जमा होतील. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो द्यायलाच. तेवढं आमच्या दहावीतल्या मुलालाही माहीत होतं. स्क्रीनशॉट घेतले. थोड्याच वेळात आम्ही ब्लॉक झालो.

मग १९३० ला फोन. ही राष्ट्रीय सायबर फसवणूक हेल्पलाइन. तिथे पहिला प्रश्न व्यवहाराच्या क्रमांकाचा येतो. यूपीआयचा तो बारा आकडी क्रमांक ॲपमध्ये त्या व्यवहाराच्या तपशिलात मिळतो, फोन करायच्या आधीच कागदावर उतरवून ठेवा. तक्रार नोंदली की पैसे ज्या ज्या बँकांत फिरले तिथे कळवलं जातं, आणि खात्यात जे उरलं असेल ते गोठवतात. आमच्या पैशांपैकी साडेआठ हजार दुसऱ्याच एका खात्यात अडकलेले सापडले. बाकी तोवर काढून झाले होते. अडकलेले सोडवून घ्यायला न्यायालयाचा आदेश लागेल, असं पोलीस ठाण्यात सांगितलं. ते काम अजून चालू आहे.

बँकेने हात वर केले, आणि नियमाप्रमाणे ते बरोबरच आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार कुणा त्रयस्थाने तुमच्या परस्पर पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर भार तुमच्यावर येत नाही. पण इथे पिन आम्हीच टाकला होता. परस्पर काढलेले पैसे आणि फसवून द्यायला लावलेले पैसे यांत कायद्याने एवढा फरक पडतो. क्रेडिट कार्डने भरले असते, तर निदान चार्जबॅकचा, म्हणजे कार्डाच्या बँकेमार्फत पैसे परत मागण्याचा, अर्ज करता आला असता.

एप्रिल २०२५ मध्ये गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने चारधामच्या भाविकांना याच धंद्याबद्दल सावध केलं होतं. केदारनाथचं हेलिकॉप्टर, गेस्ट हाउस, हॉटेलं यांच्या बनावट वेबसाइट आणि पेजेस. आम्ही ते वाचलं होतं, पण ते तीर्थयात्रेचं म्हणून सोडून दिलं. भामट्यांना डोंगर काय आणि समुद्र काय! ऐन हंगामात तुटपुंज्या खोल्या आणि दुरून येणारा माणूस, एवढं त्यांना पुरतं.

आम्ही गेलो, कारण विमानाची तिकिटं आमची आम्ही काढली होती. नीलला एका घरगुती लॉजमध्ये उतरलो, पैसे तिथे पोचल्यावर दिले. सासरे सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपाशी बराच वेळ उभे होते. सहल छान झाली, पण तो विषय वेगळा.

दिवाळी किंवा नाताळासाठी ज्यांनी एजंटमार्फत बेटावरची खोली घेतलीय, त्यांनी व्हाउचर कितीही देखणं असलं तरी हॉटेलच्या स्वतःच्या वेबसाइटवरून नंबर काढून आजच फोन करा. "व्हाउचर खरं आहे का" असं विचारू नका, कामाच्या घाईत कुणीही हो म्हणून मोकळा होतो. नाव आणि तारीख सांगा आणि त्यांच्याकडचा बुकिंग क्रमांक मागा. तो आला की तुमच्या ईमेलवर त्यांच्याच पत्त्यावरून कन्फर्मेशन पाठवायला लावा. आणि एजंटला उरलेली रक्कम ते ईमेल हातात पडेपर्यंत देऊ नका.