थांबलेला कंपायलर प्रकल्प पुन्हा सुरू करताना: जुनाच कोड, फोर्क की एलएलव्हीएम?

स्वयंसेवकांचा एखादा मुक्तस्रोत कंपायलर (प्रोग्रामचे मशीन कोडमध्ये रूपांतर करणारे सॉफ्टवेअर) काही वर्षे निपचित पडल्यानंतर त्याला पुन्हा हात घालू इच्छिणाऱ्यांपुढे मुख्यतः तीन मार्ग असतात: जुन्याच नावाने, जुन्याच रिपॉझिटरीत (कोडच्या भांडारात) काम पुढे नेणे, फोर्क म्हणजे कोडची वेगळी प्रत काढून नव्या नावाने सुरुवात करणे, किंवा फ्रंटएंड, म्हणजे भाषा वाचून समजून घेणारा भाग, तेवढा ठेवून मशीन कोड निर्माण करण्याचे काम एलएलव्हीएम या तयार कंपायलर-संचाकडे सोपवणे. सर्व काही नव्याने लिहिण्याचा पर्यायही नेहमी सुचवला जातो, परंतु मोजक्या स्वयंसेवकांच्या बळावर तो क्वचितच तडीस जातो.

पहिल्या मार्गाचे उत्तम उदाहरण पीसीसीचे आहे. स्टीफन जॉन्सन यांनी १९७० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये लिहिलेल्या या सी कंपायलरवर अँडर्स मॅग्नुसन यांनी पुन्हा काम सुरू केले, २००७ मध्ये तो नेटबीएसडी व ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या स्रोतांत दाखल झाला आणि १ एप्रिल २०११ रोजी त्याची १.० आवृत्ती आली. बीएसडी या शिथिल मुक्तस्रोत परवान्याचा, लहान आणि वेगवान कंपायलर हवा, ही त्यामागची गरज खरीच होती; मात्र ती पुढे एलएलव्हीएमवर आधारलेल्या क्लँग या कंपायलरनेच बहुतांशी भागवली आणि २०१४ मध्ये त्याच कुळातील फ्रीबीएसडीच्या १०.० आवृत्तीत प्रमुख संगणकरचनांवर डीफॉल्ट कंपायलर म्हणून क्लँग आला. म्हणून जुना कोड उचलण्यापूर्वी, ज्या गरजेपोटी तो लिहिला गेला ती आज दुसरे कोणी भागवत नाही ना, हे तपासणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

या मार्गावरचे पहिले काम नवे वैशिष्ट्य जोडण्याचे नसून कोड आजच्या संगणकावर बांधला जाईल असे करण्याचे असते. जीसीसी या प्रचलित मुक्तस्रोत कंपायलरच्या आवृत्ती १० पासून, म्हणजे २०२० पासून, हेडर फाइलमध्ये 'एक्स्टर्न' या शब्दाशिवाय घोषित केलेले जागतिक चल अनेक फाइलींत आले की लिंकर (संकलित तुकडे जोडणारा प्रोग्राम) अडतो. २०२४ च्या जीसीसी १४ मध्ये घोषणेविना वापरलेले फंक्शन ही केवळ सूचना न राहता त्रुटी ठरली. कंपायलर स्वतःच्याच भाषेत लिहिलेला असेल तर तो बांधण्यासाठी त्याचीच चालणारी जुनी प्रत लागते. ती मिळत नसेल तर हा मार्ग जवळजवळ बंद समजावा. टेस्ट सूट (आपोआप चालणाऱ्या चाचण्यांचा संच) नसल्यास तो आधी उभा करावा लागतो, अन्यथा नवख्याचा पॅच (कोडमध्ये सुचवलेला बदल) स्वीकारायचा कोणत्या आधारावर, हा प्रश्न रोज उभा राहतो.

फोर्क तेव्हा शोभतो, जेव्हा अडचण कोडमध्ये नसून मेंटेनरपाशी, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यापाशी, असते. १९९७ मध्ये जीसीसीची वाटचाल मंदावली असताना ईजीसीएस हा फोर्क निघाला, त्यात साचलेले पॅच एकत्र आले आणि एप्रिल १९९९ मध्ये तोच अधिकृत जीसीसी ठरला. परंतु तेथे काम करणारे हात आधीपासून वाट पाहत होते. एकट्याने काढलेल्या फोर्कमुळे बहुधा दोन निद्रिस्त प्रकल्प तयार होतात.

एलएलव्हीएमचा मोह मोठा आहे, कारण ऑप्टिमायझेशन (कोड अधिक कार्यक्षम करणे) आणि अनेक प्रोसेसरांसाठी मशीन कोड बनवणारे बॅकएंड तयार मिळतात. मात्र त्याची मोठी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी निघते आणि त्याच्या सी++ एपीआयच्या, म्हणजे फ्रंटएंडला ज्याद्वारे त्याच्याशी जोडून घ्यावे लागते त्या दुव्याच्या, स्थिरतेची हमी नसते. २०२२ मधील आवृत्ती १५ मध्ये प्रकारहीन पॉइंटर (कोणत्या प्रकारच्या माहितीकडे निर्देश आहे हे न सांगणारे) ही डीफॉल्ट पद्धत झाली, १७ मध्ये जुने प्रकारयुक्त पॉइंटर काढूनच टाकले गेले आणि त्यावर विसंबलेल्या फ्रंटएंडना बदलावे लागले. आठवड्यातून एखादी संध्याकाळ देणाऱ्यांना ही शर्यत झेपेलच असे नाही. शिवाय टीसीसी या छोट्या सी कंपायलरसारख्या प्रकल्पाची ओळखच आकार आणि एकाच फेरीत होणारे जलद संकलन ही आहे. तेथे एलएलव्हीएम जोडणे म्हणजे ती ओळख पुसणे. भाषा अनोखी असेल आणि जुना बॅकएंड नामशेष प्रोसेसरांपुरताच असेल, तर मात्र मी निःसंकोच एलएलव्हीएम निवडेन.

इतर बाबतींत माझा कौल जुन्या कोडच्या बाजूने आहे, तोही मूळ मेंटेनरने नाव, रिपॉझिटरी आणि रिलीझचे अधिकार सुपूर्द केले तरच. तो प्रतिसादच देत नसेल आणि सोबतीला काही सक्रिय माणसे असतील तर फोर्क काढावा. परवाना बदलण्याचा विचार असेल तर तो मार्ग निवडण्यापूर्वीच करावा, कारण कोडचे स्वामित्वहक्क प्रकल्पाकडे सोपवलेले नसतील तर कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाची संमती लागते, आणि थांबलेल्या प्रकल्पातील निम्मे ईमेल पत्ते बंद पडलेले असू शकतात.