गव्हाची बिअर उत्तम, ताटलीत इंदूर मात्र नाही

गेल्या डिसेंबरात पुण्याहून मेहुणे आले, तेव्हा इंदूरच्या विजयनगर भागातल्या एका ब्रुअरीत (जागेवरच बिअर बनवणाऱ्या हॉटेलात) ते, मी आणि माझी पत्नी असे तिघे जेवायला गेलो होतो. पुण्यात २००९ साली डूलॅली ही ब्रुअरी सुरू झाली तेव्हापासून मेहुणे जागेवर बनवलेली ताजी बिअर पीत आले आहेत आणि तिच्याविषयी त्यांची मते ठाम आहेत. मला आल्यागेल्याला इंदूरमधले चांगले ते दाखवण्याची हौस आहे. ब्रुअरीचे नाव येथे देत नाही, कारण पुढे लिहिलेल्या तक्रारी मी तिथल्या व्यवस्थापकांना त्याच वेळी समोर सांगितल्या आणि त्यांनी त्या शांतपणे ऐकून घेतल्या.

आधी बिअरविषयी लिहितो, कारण तीच तिथली खरी जमेची बाजू आहे. काचेच्या भिंतीपलीकडे स्टीलच्या टाक्या दिसतात आणि मागितल्यास चार प्रकारांचे छोटे पेले चाखायला मिळतात. त्यांतली गव्हाची बिअर मला आणि मेहुण्यांना फार आवडली. जर्मन पद्धतीच्या या बिअरमध्ये किमान निम्मे माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) गव्हाचे असते आणि ती गाळलेली नसल्यामुळे पेल्यात किंचित गढूळ, फिकट केशरी दिसते. तिला पिकलेल्या केळ्याचा आणि मागून लवंगेचा जो वास येतो, तो कोणताही अर्क घालून आणलेला नसतो. आंबवण्यासाठी वापरलेल्या विशिष्ट यीस्टमधूनच तो तयार होतो, आणि तापमान सांभाळले नाही तर एक वास दुसऱ्यावर मात करतो. येथे दोन्हींचा तोल नेमका साधला होता. दोन बोटे जाड फेस बराच वेळ टिकला आणि प्रत्येक घोटानंतर त्याची जाळी पेल्याच्या आतल्या बाजूला चिकटून राहिली. पेला स्वच्छ धुतलेला असल्याची ही खूण आहे, कारण साबणाचा किंवा तेलाचा जरासा अंश राहिला तरी फेस लगेच बसतो. स्टाउट ही काळसर बिअरही चांगली होती: भाजलेल्या धान्यामुळे आलेला कॉफीसारखा कडवटपणा, पण जळकेपणा नाही. आयपीए या कडवट बिअरमध्ये हॉप्स या फुलांचा कडूपणा होता, सुगंध मात्र बेताचाच.

चौथी बिअर, म्हणजे लागर, पसंत पडली नाही. तिला लोण्यासारखा वास येत होता, आणि तो वास लागरमध्ये दोष मानला जातो. लागरचे यीस्ट सुमारे दहा अंशांच्या थंडाव्यात संथपणे काम करते. आंबवणे संपत आल्यावर त्याला पुरेसा अवधी दिला, तर हा लोण्याचा वास यीस्ट स्वतःच शोषून घेते. घाईने टाकी रिकामी केली की वास राहून जातो. वेटरला हे सांगितल्यावर त्याने अदबीने दुसरा मग आणला, पण तो थेट फ्रीजरमधून काढलेला, बर्फाचा थर चढलेला होता. इतक्या थंडीत जीभ बधिर होते, चांगली चव लपते आणि वाईटही लपते. ज्यांनी गव्हाच्या बिअरवर एवढे कष्ट घेतले आहेत, त्यांनी ती अशा गोठलेल्या मगात कधीही देऊ नये असे मला मनापासून वाटते.

आता खाण्याविषयी, आणि माझी मुख्य तक्रार येथेच आहे. मेनूत नाचोज, पेरी-पेरी फ्राइज, चिली पनीर, पिझ्झा, चिकन विंग्ज असे सर्व काही आहे. आम्ही मागवलेले चिली पनीर ताजे होते आणि पिझ्झाही बरा होता. परंतु हाच मेनू उचलून देशातल्या कोणत्याही शहरात ठेवला तरी चालेल, आणि इंदूरमध्ये असे व्हावे याचे मला वाईट वाटते. या शहराइतके बिअरला साजेसे खाणे क्वचितच कुठे असेल. आमच्या घरी भुट्ट्याचा कीस होतो तो आठवून पाहा: कोवळी कणसे किसायची, तुपात मोहरी, जिरे, हिंग आणि हिरव्या मिरचीची फोडणी करायची, त्यात कीस परतायचा आणि दूध घालून तो मऊ होईपर्यंत मंद आचेवर ढवळत राहायचे. मक्याचा गोडवा आणि तुपाचा स्निग्धपणा यांच्यावर गव्हाच्या बिअरचे बारीक बुडबुडे आणि तिची हलकी आंबट चव अगदी चपखल बसेल. खोपरा पॅटिसची वरची पारी खरपूस आणि आतले सारण गोडसर असते. त्याला आयपीएचा कडूपणा हवा. स्टाउटबरोबर तर मी निःशंकपणे मावाबाटी ही खव्याची मिठाई मागितली असती. यातले एकही नाव त्या चार पानी मेनूत नाही. स्वयंपाकघराला हे जड जाईल असेही नाही, कारण हे पदार्थ करणारे कसबी हात शहरात गल्लोगल्ली आहेत.

माझी पत्नी दारू घेत नाही. तिच्यापुढे पर्याय आले ते डब्यातला रस आणि लिंबू सोडा. उत्तरेकडे शिकंजी म्हणजे लिंबाचे सरबत. आमच्या इंदूरची शिकंजी म्हणजे आटवलेले दूध, सुका मेवा आणि वेलची-केशर यांचे दाट, थंडगार पेय. ती ठेवली असती तर न पिणाऱ्यालाही आपला विचार झाला असे वाटले असते. मोठ्या कुटुंबात बाहेर जेवायला जाताना निम्मी माणसे न पिणारीच असतात, हे हॉटेलवाल्यांनी लक्षात घ्यायला हवे.

बिल साडेतीन हजारांच्या आसपास झाले. खाण्यावर पाच टक्के जीएसटी आणि बिअरवर राज्याचा व्हॅट असे वेगवेगळे दाखवले होते, ते योग्यच. मद्य जीएसटीच्या कक्षेत येत नाही. त्याखाली मात्र दहा टक्के सर्व्हिस चार्ज न विचारता जोडलेला होता. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितले आहे की असा आकार बिलात आपोआप लावता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती भूमिका उचलून धरली. व्यवस्थापकांनी सांगताक्षणी तो वजा करून दिला. वेटरने खरोखर आपुलकीने वाढले होते, म्हणून त्याच्या हातात आम्ही वेगळे पैसे ठेवले.

तिथून टॅक्सीने आम्ही सराफ्यात, रात्री खाऊगल्ली होणाऱ्या सराफ बाजारात, गेलो. सोन्या-चांदीच्या पेढ्यांची शटरे खाली आली होती आणि त्यांच्याच ओट्यांपुढे कढया तापल्या होत्या. गराडूवाल्याने या कंदाच्या आधी तळून ठेवलेल्या फोडी पुन्हा तेलात सोडल्या, कडा तांबूस होताच झाऱ्याने उपसल्या, वरून मुठीने जीरावन मसाला भुरभुरला आणि अर्धे लिंबू पिळले. बाहेरून कुरकुरीत, आतून कंदाचा पिठूळ मऊपणा, आणि जिभेवर आंबट-तिखट झणका. मेहुण्यांनी दुसरी प्लेट मागवली आणि म्हणाले, “अहो भाऊजी, त्या गव्हाच्या बिअरबरोबर हेच हवे होते.”

या ब्रुअरीत मी पुन्हा जाईन, ते गव्हाच्या बिअरसाठी आणि स्टाउटसाठी. बिअरचा मग साधा, न गोठवलेला मागा आणि लागरआधी छोटा पेला चाखून पाहा. शनिवार-रविवारी संगीत इतके मोठे असते की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही, त्यामुळे आठवड्याच्या मधल्या दिवशी, आठच्या आत पोहोचलेले बरे. स्वतःची गाडी नेऊ नका. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल इतकीच आहे. थंडीत गेलात तर नंतर सराफ्यात जाण्यासाठी पोटात थोडी जागाही ठेवा, कारण गराडू फक्त थंडीतच मिळतात.