कोल्हापूरहून बेळगावला येणाऱ्या डिस्कवर 1,150 रुपये ‘कस्टम’

एकूण 4,930 रुपये गेले. मी नवशिका नाही, बावीस वर्षं सिनेमांच्या डिस्क जमवतोय. म्हणूनच चीड जास्त येते.

फोनवर जाहिरात आली: ‘सिंगिंग इन द रेन’ची परदेशी ब्लू-रे (डीव्हीडीपेक्षा कितीतरी स्वच्छ चित्राची डिस्क), 4के रिस्टोअर्ड, म्हणजे बारीक तपशिलात दुरुस्त केलेलं चित्र, 5.1 साउंड, म्हणजे चहूबाजूंनी येणारा आवाज. वडिलांचा लाडका सिनेमा, त्यांच्या पंचाहत्तरीला दाखवायचा होता. विक्रेता म्हणे कोल्हापूरचा. बोलणं अगदी अदबीचं. 3,600 पाठवले. दोन दिवसांनी कस्टमचे 1,150, मग कुरिअरचे 180.

इथंच थांबायला हवं होतं. मी विचारलंसुद्धा, कोल्हापूर-बेळगावमध्ये कसलं कस्टम? “राज्य बदलतं ना साहेब.” आणि मी पैसे पाठवले! कागल ओलांडलं की निपाणी, आयुष्यभर ये-जा केलेला रस्ता. 2017 साली जीएसटी आला तेव्हाच हद्दीवरचे कर नाके उठले, हे मला ठाऊक होतं. पण हद्द आली की आपलं काहीतरी अडतंच, याची सीमाभागातल्या माणसाला इतकी सवय झालीय, की ते खरं वाटलं.

पार्सल फोडताना व्हिडिओ काढा. मी काढला नाही.

डिस्क उलटी केली तर खालची बाजू जांभळी. कारखान्यात छापलेली डिस्क चांदीसारखी असते. जांभळट झाक म्हणजे घरी कॉम्प्युटरवर कॉपी केलेली डीव्हीडी. ब्लू-रे प्लेअरवर डीव्हीडीही चालते, म्हणून लागली. कॉम्प्युटरवर पाहिलं तर 4.3 जीबी. ब्लू-रेचा एकच थर 25 जीबीचा असतो.

सिनेमा 1952 चा, चित्र जवळजवळ चौरस, रुंदी-उंची 1.37:1. या माणसानं टीव्हीची रुंदी भरायला वरून-खालून कापलं होतं. नायक जीन केली पावसात नाचतो आणि त्याचे पायच दिसत नाहीत! टॅप डान्सला पाय नाहीत. वडील दोनदा म्हणाले, “अरे, खाली काहीतरी राहिलंय.” मला मान वर करवेना. मूळ आवाज मोनो, म्हणजे एकपदरी, त्याचा ओढूनताणून 5.1 केलेला, संवाद विहिरीतून आल्यासारखे, पावसाची नुसती खरखर. 103 मिनिटांचा सिनेमा 99 मिनिटांत संपला, कारण सेकंदाला 24 फ्रेमच्या (चित्रांच्या) जागी 25 पळवल्या होत्या. गाणं पेटीवर धरून पाहिलं, सूर चढा.

या सिनेमाचं मूळ निगेटिव्ह 1978 च्या आगीत जळालं. उरलेल्या सामग्रीवरून लोकांनी जीव ओतून तो परत उभा केला, आणि हा त्याचं नाव लावून हे विकतो.

ठाण्यात गेलो. “खातं कोल्हापूरचं आहे, तिकडं जा.” कोल्हापूरला फोन केला. “तुम्ही कर्नाटकात राहता, तिथंच द्या.” पुन्हा ठाण्यात. अर्ज कन्नडमध्ये आणा म्हणाले; भाच्याकडून लिहून आणला. मग साहेब नाहीत. मग, “एका सीडीसाठी एवढं?” हद्द कुणाचीही असो, झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, हे मी सांगितलं तर माझ्यावरच आवाज चढवला. चार फेऱ्या, दोन दिवसांचा पगार, हातात पोचसुद्धा नाही. ठाण्यात बसवून घेतलं तेवढ्या वेळात पैसे कुठल्या कुठे गेले असतील. पैसे गेले की आधी 1930 हा सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा नंबर लावा, त्याच तासात. मी तिसऱ्या दिवशी लावला.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहक आयोगात आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंत फी नाही. हेही कुणी सांगितलं नाही, मीच शोधलं. विकणाऱ्याकडून डिस्कच्या खालच्या बाजूचा फोटो मागा. देत नसेल तर सोडून द्या.

काल तीच जाहिरात पुन्हा दिसली. नंबर नवा, भाव 3,200.