मागचा गिअर नीट पडत नाही म्हणून सायकल दुकानात टाकणार असाल तर आधी हे वाचा (नागपूर)

आपल्या नागपुरात आता रोड बाइक घेणारे भरपूर झाले आहेत, सकाळी फुटाळ्याला, सेमिनरी हिल्सला, काटोल रोडला जाऊन बघा, पण गिअरचं काम खरंच समजणारे लोक अजूनही मोजकेच आहेत, आणि त्याचाच फायदा घेऊन मला कसं लुबाडलं ते सांगते, म्हणजे निदान दुसऱ्या कोणाचे पैसे तरी वाचतील. दुकानाचं नाव टाकत नाही कारण तक्रार चालू आहे.

माझ्या सायकलीचं गिअरचं सामान शिमानो टियाग्राचं, दहा स्पीड (म्हणजे मागे दहा चकत्या), ४७०० सीरिज. हा ४७०० आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. झालं काय की आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये कोणीतरी स्कूटर काढताना सायकलला धक्का दिला आणि ती उजव्या बाजूवर पडली. उजव्या बाजूवर म्हणजे नेमकी आरडीवर (रिअर डिरेलर, मागे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग). आरडीच्या खालच्या पिंजऱ्यावर एक तिरपा ओरखडा आला, बाकी वरून काहीच दिसत नव्हतं. पण दुसऱ्या दिवशीपासून गिअर बिघडले. मागच्या चाकाच्या लहान चकत्यांवर चेन ठीक चालायची, मोठ्या चकत्यांकडे गेली की कटकट सुरू, मधेच चेन उडायची, बॅरल (केबलचा ताण कमी-जास्त करायचा स्क्रू) अर्धा फिरवला की एका बाजूचं सुधरायचं आणि दुसऱ्या बाजूचं बिघडायचं. सेमिनरी हिल्सच्या चढावर सगळ्यात मोठ्या चकतीवर टाकलं तर मागून टिक टिक आवाज, म्हणजे आरडीचा पिंजरा चाकाच्या स्पोकला घासत होता. हे फार धोक्याचं असते, पिंजरा एकदा स्पोकमध्ये अडकला की आरडी, हँगर (आरडी ज्याला लटकतो तो फ्रेमवरचा छोटा तुकडा), चाक, कधीकधी फ्रेमपर्यंत सगळंच जाते आणि तुम्ही रस्त्यावर.

दुकानात सायकल नेली तेव्हा हे सगळं मी त्याला सांगितलं, सायकल कोणत्या बाजूला पडली तेही सांगितलं आणि ओरखडासुद्धा बोट लावून दाखवला. त्याने पॅडल दोनदा फिरवलं आणि म्हणाला, "ताई, आरडी गेला. स्प्रिंग मेली आहे आतली. आता ट्यूनिंग करून काही होत नाही, बदलावाच लागते." मी हँगरचं विचारलं तर म्हणे हँगर एकदम सरळ आहे, मी नजरेनेच सांगतो, रोजचं काम आहे आपलं. वरून कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) पण बदलून घ्या म्हणून मागे लागला, त्याला मी नाही म्हटलं कारण चेन आणि कॅसेट दोन्ही नवीनच होते.

मग त्याचा फोन आला. "टियाग्रा मिळून नाही राहिला ताई, स्टॉकच नाही आहे कुठे, मी तुम्हाला १०५ टाकून देतो, एक नंबर वरचा माल, पण तुमच्याकडून टियाग्राचेच पैसे घेतो." आता कोणालाही विचारा, शिमानोच्या रोड बाइकच्या सामानात टियाग्राच्या वर १०५ येतो हे सगळ्यांना माहीत असते, म्हणजे ऐकायला हा फायद्याचाच सौदा. आरडी, केबल, मजुरी सगळं धरून सात हजारांच्या वर पैसे घेतले. बिल मागितलं तर पॅडच्या कागदावर "गिअर काम" आणि खाली टोटल, बस. जुना आरडी परत मागितला तर म्हणे भंगारात गेला.

सायकल घेऊन मी सरळ फेटरीकडे निघाली. अर्ध्या रस्त्यातच समजलं की आधीपेक्षा वाईट अवस्था आहे. आधी निदान लहान चकत्या तरी नीट चालायच्या, आता एक क्लिक केलं की चेन पुढच्या चकतीवर जाऊन त्याच्याही पुढचीला घासायची. परत नेली तर म्हणाला नवीन पार्ट आहे, सेट व्हायला वेळ लागते, थोडी चालवा. आणि माझ्यासमोर लिमिट स्क्रू फिरवत बसला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ते एच आणि एल लिहिलेले दोन लिमिट स्क्रू फक्त टोकाचं काम करतात, म्हणजे आरडी सगळ्यात लहान चकतीच्या बाहेर आणि सगळ्यात मोठ्या चकतीच्या आत जाऊ नये एवढंच. मधल्या गिअरशी त्यांचा काही संबंध नसतो आणि ते आपोआप फिरतही नाहीत. मधला गिअर नीट पडत नाही म्हणून कोणी लिमिट स्क्रू फिरवत असेल तर तिथेच समजून जा की ह्याला एक तर काम येत नाही नाहीतर तो टाइमपास करून राहिला आहे. मी हे तोंडावर म्हटलं तर उत्तर आलं, "मॅडम, तुम्हाला नाही समजणार त्यातलं."

शेवटी आमच्या ग्रुपमधल्या एका दादांकडे सायकल नेली. ते बऱ्याच वर्षांपासून ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब राइड) करतात, दोनशे-तीनशे किलोमीटरच्या राइडमध्ये रात्री रस्त्यावर बसून गिअर दुरुस्त केलेला माणूस. त्यांच्याकडे हँगर मोजायचं गेज आहे. आरडी काढला, त्याच्या जागी हँगरमध्ये गेजचा बोल्ट लावला आणि त्याचा दांडा चाकाच्या रिमभोवती फिरवून वर, खाली, पुढे, मागे चार ठिकाणी रिमपासून किती अंतर आहे ते बघितलं. हँगर सरळ असेल तर चारही ठिकाणी जवळपास सारखंच अंतर येते, तीन-चार मिलिमीटरपर्यंत फरक चालून जातो. माझ्या सायकलीत खाली दांड्याचं टोक रिमला टेकत होतं आणि वर माझं बोट आरामात जात होतं. म्हणजे हँगर आत वाकलेला. सायकल उजवीकडे पडल्यावर हेच होते, कारण हँगर मुद्दामच नरम ॲल्युमिनियमचा बनवतात, म्हणजे धक्का लागला तर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी. दादांनी त्याच दांड्याने तो हळूहळू सरळ केला, फार वेळ नाही लागला. नवीन हँगर घ्यायचा म्हटलं तरी हजाराच्या आसपास येते. एवढंच काम होतं माझ्या सायकलीचं!

पण हँगर सरळ करूनही गिअर पडेना. तेव्हा दादांनी आरडी हातात घेतला, उलटा केला, कापडाने आतली बाजू पुसली आणि तिथला नंबर वाचला, आरडी-५७०१. तिथेच सगळा प्रकार उघडा पडला.

हे नीट समजून घ्या कारण फसवणूक इथेच आहे. ५७०० सीरिज ही १०५ ची जुनी दहा स्पीड. २०१४ मध्ये ५८०० आली तेव्हापासून १०५ अकरा स्पीडची झाली आणि आता तर बारा स्पीडची आहे. म्हणजे दहा स्पीडचा १०५ आरडी आज कोणी "नवीन माल" म्हणून लावत असेल तर तो दहाएक वर्षं जुना आहे. आणि दुसरं म्हणजे, २०१५ ची टियाग्रा ४७०० दहा स्पीड असली तरी तिचा शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा लिव्हर) एका क्लिकला जेवढी केबल ओढतो ते माप अकरा स्पीडवाल्यांसारखं आहे, शिमानोच्या जुन्या दहा स्पीडसारखं नाही. शिफ्टर ओढतो एका क्लिकला साधारण २.७ मिलिमीटर, ४७०० चा आरडी त्याच्या १.४ पट सरकतो, म्हणजे पावणेचारच्या आसपास, आणि दहा स्पीडच्या कॅसेटमध्ये दोन चकत्यांचं अंतर ३.९५ मिलिमीटर, तिथे जमून जाते. ५७०१ सरकतो १.७ पट, म्हणजे साडेचारच्या वर. दर क्लिकला अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त पुढे, तीन-चार क्लिकमध्ये चेन दोन चकत्यांच्या मधोमध. जगातला कोणताही मेकॅनिक बॅरल फिरवून हे जुळवू शकत नाही. "दहा स्पीड म्हणजे दहा स्पीड, सगळं सारखंच" असं कोणी म्हटलं तर ४७०० च्या बाबतीत ते साफ खोटं आहे.

आणि तो आरडी नवीन नव्हताच. पिंजऱ्यातल्या दोन छोट्या चाकांचे दात झिजून टोकदार झाले होते, नव्या चाकाचे दात असे काट्यासारखे नसतात. बोल्टच्या षटकोनी खाचेचे कोपरे घासलेले. बाहेरून रॉकेलने धुऊन चमकवलं होतं पण जोडांच्या आत काळी माती तशीच होती. दुसऱ्या कोणाच्या तरी सायकलीवरून काढलेला माल मला नवीन म्हणून विकला, आणि माझा चांगला आरडी, ज्याला फक्त एक ओरखडा होता, तो ठेवून घेतला. हे मला सगळ्यात जास्त लागलं. पैसे गेले ते गेलेच, पण चालू वस्तू मेली म्हणून सांगून काढून घेतली.

दादांना घेऊन दुकानात गेली तेव्हा आधी तो "जुना नाही आहे" म्हणाला, नंबर दाखवल्यावर "सप्लायरने तसाच पाठवला" म्हणाला, डबा दाखव म्हटलं तर डबा फेकला. मग मजुरीचे पैसे परत करतो म्हणे. मी घेतले नाही.

ज्यांची सायकल आत्ता अशीच कुरकुर करून राहिली आहे त्यांनी आधी घरीच बघा. पडली होती का ते आठवा, मागे उभं राहून हँगर आणि पिंजरा चकत्यांच्या सरळ रेषेत आहे का बघा. पडली नसेल तर केबलवर संशय घ्या, शिफ्टरच्या आत जिथे केबलची गाठ बसते तिथे तारा एकेक करून तुटतात आणि गिअर रोज थोडाथोडा बिघडत जातो, पावसाळ्यानंतर मागच्या आउटरमध्ये (केबलच्या बाहेरच्या नळीत) गंज धरतो तेही तसंच. इनर (आतली तार) आणि आउटर मिळून काहीशे रुपयांचं काम आहे. आरडी स्वतःहून मरणं ह्या सगळ्यात शेवटचं. आणि दुकानात टाकायचीच असेल तर आरडीच्या आतल्या बाजूच्या नंबरचा फोटो काढून ठेवा, बदललेला पार्ट आणि नव्याचा डबा दोन्ही हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, बिलावर मॉडेल नंबर लिहून घ्या. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, आणि सदोष माल बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत परत न घेणं हीसुद्धा. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, मी तिथे तक्रार टाकली आहे, यूपीआयची पावती, तो पॅडचा कागद आणि ५७०१ चे फोटो जोडून. तिथे नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही.

अजून एक काम आहे. नागपुरात गेल्या काही महिन्यांत कोणी वापरलेला टियाग्रा ४७०० आरडी घेतला असेल, आणि त्याच्या पिंजऱ्याच्या बाहेरच्या बाजूला वरून खाली जाणारा तिरपा ओरखडा असेल, तर मला कळवा. तुम्हाला कोणी काही म्हणणार नाही, मला फक्त तो कोणी विकला एवढं हवं आहे.