डेव्हिल्स लेकच्या काठी दोन रात्री: तंबू ठोकायचा तो पहाटेसाठी

शिकागोच्या पश्चिमेकडील उपनगरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांमध्ये कॅम्पिंगचा विषय निघाला, की विस्कॉन्सिनमधील डेव्हिल्स लेक स्टेट पार्कचे नाव हमखास पुढे येते. गाडीने साधारण तीन तासांचे अंतर, दोन्ही टोकांना पोहण्यासाठी वाळूचे किनारे आणि तळ्याच्या काठाने उभे राहिलेले उंच कडे, एवढे सगळे एकाच जागी मिळत असल्याने ही ओढ समजण्यासारखी आहे. आम्ही यापूर्वी तेथे तीन-चार वेळा सकाळी जाऊन संध्याकाळी परतलो होतो, आणि प्रत्येक वेळी वाहनतळावर जागा शोधण्यात गेलेल्या वेळाबद्दल कुरकुरत परतलो होतो. या वर्षी साताऱ्याहून आलेल्या माझ्या वडिलांना घेऊन आम्ही पाच जण सप्टेंबरच्या मध्यावर दोन रात्री तंबूत राहिलो. दिवसभराची सहल आणि मुक्काम यांत एवढे अंतर असेल, असे मला वाटले नव्हते.

आधी आरक्षणाविषयी, कारण बहुतेकांचा बेत तेथेच फसतो. विस्कॉन्सिनच्या स्टेट पार्कमधील जागांचे आरक्षण ११ महिने आधी खुले होते, आणि जून ते ऑक्टोबरमधील शनिवार-रविवारच्या जागा येथे फार लवकर संपतात. चारशेहून अधिक जागा असूनही ही स्थिती आहे. आम्हाला गुरुवार आणि शुक्रवारची रात्र मिळाली ती कोणीतरी आरक्षण रद्द केल्यामुळे, आणि त्यासाठी माझी पत्नी तीन आठवडे रोज सकाळी चहाबरोबर आरक्षणाचे पान उघडून बसत होती. कॅम्पच्या भाड्याशिवाय गाडीच्या प्रवेशाचे स्टिकर वेगळे घ्यावे लागते, आणि इलिनॉयची नंबरप्लेट असेल तर त्याचे पैसे विस्कॉन्सिनच्या गाडीपेक्षा जास्त पडतात. आणखी एक नियम आपल्या मंडळींनी आधीच वाचावा. एका जागेवर एक कुटुंब किंवा जास्तीत जास्त सहा जणांचा गट राहू शकतो. चार कुटुंबांनी मिळून एक जागा घ्यायची आणि तेथे पाच तंबू ठोकायचे, हा आपला नेहमीचा हिशेब येथे चालत नाही; त्यासाठी गटांच्या वेगळ्या जागा आहेत.

कॅम्पग्राउंड तीन आहेत: क्वार्टझाइट, नॉर्दर्न लाइट्स आणि आइस एज. क्वार्टझाइट मोकळे आहे, घरासारख्या मोठ्या गाड्या घेऊन येणाऱ्यांची तेथे सोय होते आणि ते हिवाळ्यातही सुरू असते. आइस एज झाडीत आहे, पण तळ्यापासून लांब आहे. लहान मुले आणि पोहण्याचे सामान घेऊन दिवसातून तीनदा किनाऱ्यावर जाणार असाल तर हे अंतर जाणवते. सावली आणि थोडा आडोसा हवा असेल तर मात्र तेच बरे. आम्ही आइस एजमध्ये होतो. प्रत्येक जागेवर एक लाकडी टेबल आणि शेकोटीसाठी लोखंडी कडे असते. आमच्या जागेची जमीन इतकी कठीण होती की तंबूबरोबर आलेल्या तारेसारख्या मेखा दोन ठोक्यांत वाकल्या. वडिलांनी त्या बाजूला ठेवल्या, गाडीतून जाड खिळे काढून आणायला लावले आणि एका गोल दगडाने ते तिरपे ठोकून दिले. दोर तंबूपासून दूर खेचायचा आणि मेखेचे डोके तंबूपासून बाहेरच्या बाजूला कलते ठेवायचे, हे त्यांना लग्नाचे मांडव घालणाऱ्यांकडून ठाऊक होते. शुक्रवारी रात्री वारा सुटला तेव्हा शेजारच्या एका तंबूचे छप्पर फडफडत राहिले, आमचे जागचे हलले नाही.

सरपणाची गोष्ट थोडी तपशिलाने सांगण्यासारखी आहे. घरच्या अंगणातील वाळलेली लाकडे गाडीत टाकून येथे आणता येत नाहीत. लाकूड दहा मैलांच्या आतून आलेले किंवा कीडमुक्त असल्याचा शिक्का असलेले असावे लागते. अ‍ॅशच्या झाडांची साल आतून पोखरणारा एक हिरवा भुंगेरा अशाच सरपणातून गावोगाव पोहोचला, हे त्यामागचे कारण आहे, त्यामुळे नियमाबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती आम्ही वाटेत रस्त्यालगतच्या एका दुकानातून घेतलेल्या मोळीबद्दल. वरची दोन लाकडे कोरडी आणि आतली सगळी ओली होती. पहिल्या रात्री शेकोटीपेक्षा धूरच जास्त झाला आणि अखेर पिठले गॅसच्या छोट्या शेगडीवर शिजले. मोळी घेताना ती उचलून वजन पाहावे आणि मधले लाकूड दुसऱ्या लाकडावर वाजवून पाहावे. कोरडे लाकूड खणकन वाजते, ओले बद्द आवाज करते.

रॅकून या रात्री अन्न शोधत हिंडणाऱ्या प्राण्याविषयीच्या सूचना सगळेच वाचतात आणि सगळेच दुर्लक्ष करतात. आम्हीही केले. पोळ्यांचा डबा थंड पेटीत ठेवून, पेटीचे झाकण नीट लावून, ती टेबलाखाली सरकवून आम्ही झोपलो. रात्री खुडबुड ऐकू आली तेव्हा विजेरीच्या प्रकाशात एक धष्टपुष्ट रॅकून दोन्ही हातांनी पोळी धरून, माणसासारखा बसून, कडेकडेने ती खात होता. प्रकाश पडला तरी त्याने घाई केली नाही. धाकट्या मुलीला हा सहलीतला सर्वोत्तम प्रसंग वाटला. खाण्याचे सगळे सामान, अगदी दंतमंजनासकट, रात्री गाडीत बंद करून ठेवावे.

रात्रीच्या शांततेबद्दल मात्र अपेक्षा बेताची ठेवावी. रात्री अकरा ते सकाळी सहा शांततेची वेळ आहे, आणि आमच्या आसपासच्या लोकांनी ती बहुतांशी पाळली. पण तळ्याच्या पूर्व काठाने, कड्याच्या पायथ्याशी, रेल्वेमार्ग जातो. एकोणिसाव्या शतकात याच रेल्वेने येथे पर्यटक आणले, काठावर हॉटेले उभी राहिली, आणि १९११ साली स्टेट पार्क झाले, तेव्हा रेल्वे पार्कच्या आधीची आहे हे मान्य करावे लागते. तरीही मध्यरात्रीनंतर मालगाडीची शिट्टी दोन्ही कड्यांवर आपटून परत येते तेव्हा इतिहास आठवत नाही. ज्यांची झोप हलकी आहे त्यांनी कानात घालायचे बोळे जरूर न्यावेत. वडील मात्र निवांत झोपले. त्यांचे बालपण रेल्वे क्वार्टरमध्ये गेले आहे.

आता तंबूत राहण्याचे खरे कारण. गर्दी येथे सकाळी नऊ-दहापासून वाढू लागते आणि सूर्य कलला की ओसरते. जो दिवसापुरता येतो त्याच्या वाट्याला नेमका तोच मधला भाग येतो. जो आत झोपतो त्याला सकाळचे तीन तास आणि संध्याकाळ मिळते, आणि कॅम्पचे भाडे तेवढ्यासाठीच द्यायचे आहे. शुक्रवारी आम्ही सातच्या सुमारास उत्तर किनाऱ्यावर होतो. तळे उत्तर-दक्षिण पसरलेले असून पूर्वेला आणि पश्चिमेला कडे आहेत. सूर्य पूर्व कड्यामागे असल्याने पाणी अजून सावलीत, शिसाच्या रंगाचे होते, आणि समोरच्या पश्चिम कड्याचा फक्त माथा उजळला होता. तो उजेड खडकावरून हळूहळू खाली उतरत होता, आणि उतरताना करड्या दिसणाऱ्या दगडातला जांभळट गुलाबी रंग वर येत होता. पाण्यावर एक मनुष्य कायाकमध्ये होता, त्याच्या वल्ह्याचे थेंब पडण्याचा आवाज काठावर ऐकू येत होता. या तळ्यात पेट्रोलवर चालणाऱ्या बोटींना परवानगी नाही, केवळ विजेवरच्या मोटारी चालतात; त्याचे मोल अशा वेळी कळते.

चढाईसाठी आम्ही पूर्व कड्याची वाट निवडली. कडे पाण्यापासून सुमारे ५०० फूट उंच आहेत आणि बऱ्याच ठिकाणी दगडी पायऱ्या आहेत. १९३० च्या दशकात मंदीमुळे बेकार झालेल्या तरुणांना काम देणारी सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर ही सरकारी योजना होती. तिच्या तुकडीने येथे मुक्काम करून वाटा आणि इमारती बांधल्या. पायऱ्यांची उंची सारखी नाही, कठडे बहुतेक ठिकाणी नाहीत, आणि दगड ओला असेल तर निसरडा होतो. पायांत चपला घालून चढणारे लोक आम्हाला उतरताना दिसले. असे करू नये. वडिलांचे वय अडुसष्ट, पण अजिंक्यताऱ्यावर सकाळी फिरायला जाण्याची सवय. त्यांनी अर्ध्या वाटेवर थांबून एका सपाट दगडावर हात फिरवला आणि मला बोलावले. “हे बघ, ओढ्याच्या कडेची वाळू आहे ही. पाणी ओसरल्यावर अशाच वळ्या राहतात.” त्या खरोखरच लाटांच्या खुणा होत्या, बोटाला एक एक वळी लागत होती. कड्यांचा हा दगड, क्वार्टझाइट, म्हणजे दीडशे कोटी वर्षांपूर्वीच्याही आधी उथळ पाण्यात साचलेली वाळू. ती आधी वालुकाश्म झाली आणि मग दाबाने व उष्णतेने इतकी घट्ट झाली, की दगड फुटला तर कणांच्या मधून न फुटता कण चिरत फुटतो. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, म्हणजे याच्यापुढे कालचे पोर. हे ऐकल्यावर वडील काही बोलले नाहीत, पण परत येताना त्या दगडापाशी पुन्हा एकदा थांबले.

डेव्हिल्स डोअरवे हा दगडांचा नैसर्गिक दरवाजा आणि बॅलन्स्ड रॉक हा टोकावर तोललेला दगड याच बाजूला आहेत. साडेआठला डोअरवेपाशी आम्ही पाच जणच होतो. उन्हाळ्यातल्या एका रविवारी दुपारी त्याच ठिकाणी फोटोसाठी लागलेली रांग मी पाहिली आहे. बॅलन्स्ड रॉककडची वाट लांबीने थोडी, पण फार उभी आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी तिने उतरू नये. ज्यांना चढायचेच नाही त्यांनी पश्चिम काठाने जाणारी टम्बल्ड रॉक्सची वाट धरावी; कड्यावरून कोसळलेल्या शिळांच्या राशीतून ती पाण्याला लागून जाते आणि चढ जवळजवळ नाही.

तळे स्वतः सुमारे ३६० एकरांचे आहे, आणि ते कसे झाले हे दक्षिण किनाऱ्यावर उभे राहिले की कळते. ही मुळात नदीची घळ होती. हिमयुगाच्या अखेरच्या टप्प्यात हिमनदीने दोन्ही टोकांना दगडमातीचे बांध आणून टाकले आणि मधे पाणी कोंडले. म्हणूनच या तळ्यातून वाहत बाहेर पडणारी नदी दिसत नाही. दक्षिण किनाऱ्याजवळ पक्ष्याच्या आकाराचा मातीचा मोठा उंचवटा आहे, सुमारे हजार वर्षांपूर्वी येथल्या मूळ रहिवाशांनी रचलेला. जवळून तो साधा गवताचा चढ वाटतो. मुले त्याच्यावर धावणार नाहीत एवढे पाहावे. येथले मूळ रहिवासी हो-चंक लोक या तळ्याला पवित्र मानतात, आणि त्यांनी तळ्याला दिलेल्या नावातही तोच अर्थ आहे. सैतानाचे नाव नंतर आलेल्या गोऱ्या लोकांनी दिले.

पोहण्यासाठी उत्तर आणि दक्षिण असे दोन किनारे आहेत. जीवरक्षक नसतात, त्यामुळे लहान मुलांबरोबर मोठ्या माणसाने पाण्यात उभे राहणे आवश्यक आहे. सप्टेंबरमध्ये पाणी गार, पण सोसवणारे होते. उत्तर किनाऱ्यावर कायाक व बोटी भाड्याने मिळतात आणि बर्फ, किरकोळ किराणा, खाण्याचे पदार्थ मिळतात. शाकाहारी माणसाने त्यावर विसंबू नये. मोठी खरेदी जवळच्या बाराबू गावात करून घ्यावी. रिंगलिंग बंधूंनी १८८४ साली आपली सर्कस याच गावातून सुरू केली, आणि पावसाने दिवस वाया गेला तर तेथील सर्कस संग्रहालयात मुलांचा अर्धा दिवस सहज जातो.

गुण द्यायचे तर कड्यांना आणि सकाळला पैकीच्या पैकी, तळ्याला त्याहून थोडे कमी, आणि झोपेला निम्मे. एकांतासाठी जागा शोधणाऱ्याने येथे येऊ नये, त्याच्यासाठी उत्तर विस्कॉन्सिनमध्ये कितीतरी तळी आहेत. फक्त शनिवारचीच रात्र मिळत असेल तर मी स्वतः जाणार नाही. शाळेच्या सुट्टीशी जुळवता येत असेल तर गुरुवारी दुपारी पोहोचून शनिवारी सकाळी निघावे. आम्ही तसेच निघालो. साडेदहाला फाटकाबाहेर आलो तेव्हा आत येणाऱ्या गाड्यांची रांग वळणापलीकडे गेली होती. वडिलांनी काच खाली करून ती रांग शेवटपर्यंत पाहिली आणि विचारले, “एवढे सगळे आत्ता येऊन काय बघणार?” त्यांच्या पुढच्या फेरीसाठी ऑक्टोबरमधल्या दोन रात्री घ्यायच्या ठरल्या आहेत, आणि आरक्षण खुले होण्याची तारीख पत्नीने कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.