चांदीवर सोन्याचं पाणी दिलेली ठुशी: पाडवा ते दिवाळी, आणि मधला तो गोंडा

‘मॅडम, दोरी वॉरंटीत येत नाही.’ दुकानाचा हा मेसेज आला आणि मी हे लिहायला बसले. पॉलिशला वर्षाची वॉरंटी, मण्यांना वॉरंटी, मागच्या कडीलासुद्धा वॉरंटी. पण ज्या दोरीच्या जिवावर अख्खी ठुशी गळ्यात राहते, तिला कोणी वाली नाही. दुकानाचं नाव देत नाही. उत्तर सगळीकडे हेच मिळेल असा माझा अंदाज आहे.

आधी घेतली कशाला ते सांगते. तोळा लाखापलीकडे गेला आणि रोजच्या वापराला सोन्याची ठुशी हा विषय आमच्या घरी मिटला. (आजीची ठुशी ‘दोन तोळ्यांची’ होती म्हणून हिशेब घालत बसू नका. तिचा तोळा साडेअकरा ग्रॅमच्या वरचा, आताच्या दुकानातला दहाचा.) वन ग्रॅम आधी वापरून झालं होतं. आमचं वेंगुर्ल्याचं खारं वारं खिडकीच्या गजांना सोडत नाही, तिथे पितळेवरचा तो मुलामा काय टिकणार? श्रावणात मानेवर हिरवट पट्टा. ऑक्सिडाइज्डची फॅशन मैत्रिणींना शोभते, पण ते बहुतेक जर्मन सिल्व्हर असतं. नावातच चांदी, आत तांबं, जस्त आणि निकेल. निकेल आणि घाम एकत्र आले की माझ्या मानेला खाज सुटते. राहिली ९२५ चांदी (हजारात ९२५ भाग शुद्ध), वर सोन्याचं पाणी. पाडव्याला घेतली, चार हजारांच्या आसपास पडली.

माझी मान आखूड, चेहरा गोल. अशा बाईने गळ्यालगतचं काही घालू नये, लांब हार घालावा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. मोहनमाळ घालून शाळेत गेले होते एकदा. वह्या तपासायला वाकले की माळ माझ्याआधी मुलाच्या बाकावर पोचायची, आणि स्कूटरवर हेल्मेटच्या पट्ट्यात अडकायची ते वेगळंच. ठुशीचं तसं नाही. गळ्याच्या खळगीच्या दोन बोटं खाली सोडली की मान आखूड दिसत नाही. बोटनेक ब्लाउजवर ती वर ओढायची, कॉलरच्या कुर्त्यावर सैल सोडायची. एक दागिना, तीन-चार गळे. ही सगळी किमया गोंड्याच्या दोरीची. साखळी आणि हूकवाली ठुशी घेतली असती तर ती एकाच जागी बसली असती. म्हणून दुकानात मी हट्टाने गोंड्याची मागितली.

आणि त्याच गोंड्याने पावसाळाभर छळलं. उन्हाळ्यात सरकमणी, म्हणजे दोरी कमी-जास्त करायचा सरकता मणी, सैल. सकाळी परिपाठाला खळगीखाली असलेली ठुशी मधल्या सुट्टीपर्यंत बोरमाळेच्या जागी. मृग लागला आणि उलटं झालं. दोरा दमट हवेत फुगला, मणी जागचा हलेना. संध्याकाळी ठुशी उतरवायला नवऱ्याला हाक मारायची, तो चष्मा शोधणार, मग नखाने मणी ढकलणार, तोवर माझी आमटी ऊतू. दोऱ्याला घामाचा कुबट वास लागला तो वेगळाच. गणपतीत कहर झाला. लाल गोंड्याचा रंग मोतिया रंगाच्या हातमागाच्या ब्लाउजवर उतरला. ब्लाउज अजून भिजत घालते आहे. तेव्हा मी दुकानाला जो मेसेज केला त्यात ‘फालतू’ हा शब्द दोनदा होता.

मत बदललं ते कुडाळच्या आठवडा बाजारात. तिथे एक पटवेकरी, म्हणजे दागिने दोऱ्यात गाठून देणारे, बसलेले दिसले. त्यांनी गोंड्याचं एक टोक कापून काडीला लावलं. वरचा चकचकीत धागा वितळला आणि त्याची कडक काळी गुठळी झाली. “बघा बाई, रेशीम असतं तर केस जळल्याचा वास आला असता आणि राख बोटाने चुरडली असती.” आतला दोरा निघाला सुती. म्हणजे वरचं आवरण गुळगुळीत म्हणून उन्हाळ्यात घसरायचं, आतलं सूत पाणी प्यायचं म्हणून पावसात फुगायचं. त्यांनी पायाच्या अंगठ्याला दोरा ताणून नवीन काळं रेशीम वळलं, सरकमणी जरा घट्ट बसवला, शंभराच्या आत काम झालं. घामाने रेशीमही कुजतं, वर्षाने बदलून घ्या, हेही त्यांनीच सांगितलं. तेव्हापासून ठुशी जागची हललेली नाही. नवरा मोकळा, आमटीही शाबूत.

आता पॉलिशबद्दल, थोडक्यात. समोरून अजून छान आहे. मानेला घासणारे मागचे मणी मात्र फिकट झाले आणि दोन काळवंडले. सोनं काळं पडत नाही, पण हा थर अगदीच पातळ. घासून गेला की खालची चांदी उघडी पडते आणि हवेतल्या गंधकाने काळी होते. मी रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवलेल्या फडक्याने पुसते, दोरा कोरडा ठेवून. टूथपेस्ट लावू नका, उरलासुरला थरही खरवडून निघतो. जाऊबाई म्हणाल्या, “गो, सोलांच्या पाण्यात टाक, हंडो लखलखता तशी लखलखतली.” सोलं म्हणजे आमसुलं. हंडा तांब्याचा असतो, त्याला चालतं. माझ्या ठुशीच्या मधोमध मोती आहे आणि मोत्याला आंबट सोसत नाही, विरघळतो तो.

घेताना एक बघा. सोन्याच्या दागिन्यावर १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, लागतो आणि तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. मी घेतली तेव्हा चांदीला हॉलमार्कची सक्ती नव्हती. माझ्या कडीवर नुसतं ९२५ आहे, आणि वरून सोनेरी असल्यामुळे आतली चांदी डोळ्यांना दिसत नाही. पक्कं बिल घ्या, त्यावर चांदीचं वजन वेगळं लिहून मागा. माझ्या बिलात मणी, मोती, गोंडा सगळं एकत्र तोललं होतं. म्हणजे त्या सुती गोंड्याचे पैसेही चांदीच्या भावाने गेले. हे मी दुकानाला कळवलंय. निळी खूण आली आहे, उत्तर नाही.