देशाची वीज भिंतीवर दाखवायची तर नकाशा की आलेख?

गणपतीतल्या प्रदर्शनासाठी देशाची वीज हा विषय घ्यायचं ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या मंडळात चाललंय. भिंत एकच, चित्रही एकच मोठं मावेल. लाइनींचा नकाशा लावायचा, की चोवीस तासांत कशापासून किती वीज आली याचा आलेख?

ग्वाल्हेरात तरी नकाशाच लावावा, असं माझं ठाम मत आहे. ३० जुलै २०१२ ला पहाटे अडीचच्या सुमारास बीना-ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची (चार लाख व्होल्टची) लाइन ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली, आणि उत्तर भारताची ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, बसली. लाइनीत बिघाड नव्हताच. पश्चिमेकडून उत्तरेला वीज नेणारी बीना-ग्वाल्हेर-आग्रा हीच मुख्य वाट त्या वेळी चालू होती. तिच्यावर लोड इतका चढला की रिलेने, म्हणजे बिघाड दिसताच लाइन तोडणाऱ्या उपकरणाने, तो बिघाड समजून लाइन तोडली. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. तेव्हा पूर्व आणि ईशान्येची ग्रिडही गेली. मुलांना बीनापासून आग्र्यापर्यंत बोट फिरवू द्या. आपल्या गावावरून काय जातं, ते सांगावं लागणार नाही. ‘ओपन इन्फ्रास्ट्रक्चर मॅप’वर लाइनी व्होल्टेजप्रमाणे रंगवलेल्या असतात. तो नकाशा स्वयंसेवकांनी भरलेल्या माहितीवर चालतो, एखादी लाइन सुटलेली असू शकते.

नकाशात वेळ मात्र दिसत नाही. ती आलेखात दिसते: दुपारी सौर विजेचा थर फुगतो, कोळशाचा दबतो. ऊन उतरलं की कोळसा आणि जलविद्युत वर चढतात. ‘एवढं सौर झालं, मग कोळसा का जाळतात?’ असं विचारणारी दहावी-बारावीची मुलं येणार असतील, तर आलेख घ्या.

राज्यं रंगवलेला नकाशा सोडा. सिंगरौलीजवळचं ४,७६० मेगावॅटचं विंध्याचल केंद्र मध्य प्रदेशात आहे, पण त्याची वीज गुजरात-महाराष्ट्रालाही जाते. रंग बघून ते कळत नाही.

आणि स्थापित क्षमतेचा, म्हणजे उभारलेली केंद्रं जास्तीत जास्त किती वीज देऊ शकतात याचा, गोल तक्ता तर नकोच. २०२५ मध्ये देशाची निम्मी क्षमता बिगर-जीवाश्म (कोळसा, तेल, वायू सोडून) झाली, हे खरं. पण वर्षभरात प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत सत्तर टक्क्यांच्या आसपास वाटा अजून कोळशाचाच आहे. तक्ता करायचाच असेल तर मेगावॅटचा नको, युनिटचा करा.